निळ्या झाकणाची नळी

"पुन्हा कोरी?" बार्नाबाशनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता रेकाच्या हातातली ओली फिल्म ओढून खिडकीशी धरली. फिल्ममधून तिसा नदीवरचा पूल स्वच्छ दिसत होता.

"पूल मात्र झकास आलाय हं."

 फिल्मचं पाणी रेकाच्या बुटांवर ठिबकत होतं.

"पाच आठवडे झाले," बार्नाबाश म्हणाला. "आमच्या शेजारणीच्या मांजरालाही एव्हाना जमलं असतं."

त्याच्या मते काम तसं शाळकरी होतं. पेशी दुभंगायच्या आधी तिच्यात सायक्लिन नावाचं प्रथिन साठतं, दुभंगली की नाहीसं होतं. त्यालाच तेवढं हुडकून चिकटणारी अँटिबॉडी पेशींच्या अर्कावर सोडायची. सायक्लिन असेल तर फिल्मवर काळी रेघ उमटते. रेघ आली नाही तर समजायचं, आपण रेका आहोत.

सुरुवातीचे दोन महिने तिलाही रेघ यायची. ती नवख्याला लागलेली लॉटरी.

अँटिबॉडी प्रयोगशाळेतल्या जुन्या तंत्रज्ञ योलानकाकूंची होती. तेवीस वर्षांपूर्वी काकूंनी एका उंदराच्या प्लीहेतून नेमकी एक पेशी निवडली, तिचा वंश वाढवला आणि तो आजवर द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत गोठवून सांभाळला. त्या वंशातली प्रत्येक पेशी तीच एक अँटिबॉडी बनवायची. ती दुसरीकडे कुठेही मिळत नसे. यात कर्तृत्व असलंच तर उंदराचं, असं बार्नाबाशचं मत होतं.

टाकी जुनी, झाकण ढिलं. त्यामुळे रोज नायट्रोजन ओतावा लागे आणि पाळी सगळ्यांवर येई. ईस्टरच्या चार सुट्ट्यांत ती बार्नाबाशवर आली होती. डॉक्टरेट घेतलेल्या माणसाकडून हे गवळ्याचं काम करून घेतात, याचं त्याला हसू आलं. त्या सोमवारी तो रिवाजाप्रमाणे गावभर पोरींवर अत्तर शिंपडत हिंडला आणि मंगळवारी येऊन त्यानं वहीत चार दिवसांच्या चार सह्या ठोकल्या. सही त्याची फार वळणदार होती.

दर सोमवारी काकू अँटिबॉडी भरलेली निळ्या झाकणाची ताजी नळी फ्रिजमध्ये ठेवत. रेका आणि तो, दोघंही त्यातूनच घेत.

"नळीतच काही बिघाड असेल का रे?" रेकानं विचारलं.

"नळी एकच आहे बाळ. हात वेगळे आहेत." तो फाइल काखेत मारून डार्करूमकडे निघाला. "आणि रेघ अशी वाट बघत बसून येत नसते. ती आणावी लागते."

त्यानं आतून कडी लावली. काम करताना त्याला कुणी जवळ चालत नसे. रेकाला तिथे दीड तास लागायचा, तो वीस मिनिटांत बाहेर आला. फिल्मवर काळीभोर रेघ होती, पट्टीनं ओढल्यासारखी. आणि रेकासारखा पाण्याचा चिखल नाही, फिल्म कोरडी खणखणीत. नीटनेटकेपणा रक्तात असावा लागतो.

दुपारी हालमोशबाईंच्या खोलीत बैठक भरली. बाई विभागप्रमुख. कायमची जागा एकच होती, आणि रेकाचा करार महिनाअखेर संपत होता. जागा मिळाली नाही तर तिला गावी परतून वडिलांच्या मिरच्या वाळवायच्या होत्या. बार्नाबाशला यात काही वाईट दिसेना. मिरच्यांना रेघ यावी लागत नाही.

बाईंनी दोन फिल्मा शेजारी ठेवल्या.

"रेका, तुझं काय म्हणणं?"

"मी सगळं तसंच करते, बाई. पाचही वेळा कोरी आली. जशी आली तशी आणली." "नळी एकदा तपासून बघाल का?"

बार्नाबाश हसला. "बाई, ही याच सोमवारची फिल्म आहे, त्याच नळीतली. नळीत खोट असती तर माझी कोरी नसती का आली?"

"तसं लिहून देशील? फाइलला लागेल."

"आनंदानं." त्यानं फिल्मच्या पाकिटावर लिहिलं, तारीख घातली आणि खाली ती वळणदार सही केली.

बाईंनी नेमणुकीचा कागद पुढे ओढला. पेनाचं टोपण काढलं. रेका खिडकीबाहेर बघू लागली.

तेवढ्यात दार ढकलून योलानकाकू आल्या. हातात पोगाच्यांचं ताट. बैठकीला या खारट पावांचं ताट त्यांचंच असे.

"ठेवा काकू, आणि या," बार्नाबाश म्हणाला. "मोठ्यांचं चाललंय."

काकूंनी ताट ठेवलं, पण गेल्या नाहीत.

"बाई, पोरीचं नाव कापू नका. चूक माझी आहे. ईस्टरनंतर टाकी उघडली तर कोरडी ठणठणीत. वहीत चारही सह्या होत्या. म्हटलं, झाकण मीच नीट लावलं नसणार. सगळा वंश मेला, बाई. एक पेशी उरली नाही. पुढच्या महिन्यात निवृत्ती, सांगायची लाज वाटली. पाच आठवडे झाले, त्या नळीत मी नुसतं मिठाचं पाणी भरतेय."

बाईंनी पेनाचं टोपण परत लावलं.

काकूंनी ॲप्रनला डोळे पुसले आणि बार्नाबाशकडे आदरानं पाहिलं.

"पहिल्याच आठवड्यात कबूल करणार होते मी. पण ह्याची रेघ इतकी काळीभोर आली, की मला वाटलं, तेवीस वर्षांपूर्वी मी तो उंदीर उगाचच मारला."