अर्धा काढलेला दसरा

दैवशालाबाई प्लास्टिकच्या स्टुलावर उभी राहून माळ्यावरचा पितळी हंडा ओढत होती आणि तिच्या तोंडाचा पट्टा बारीक आवाजात चालूच होता. हंड्यात वाळलेली पाल. डब्यांवर तेलाचा चिकटा, नखानं खरवडला तरी हटेना. ह्या घरात माणसं राहतात का उंदरं, देव जाणे. वय त्रेसष्ट, गुडघे कामातून गेलेले, पण एकदा डोकं तापलं की तिला गुडघे आठवत नसत. परवा घट बसायचे. त्याच्या आत दसरा काढून व्हायला पाहिजे, म्हणजे घरातली चिंधी न् चिंधी धुऊन, भांडं न् भांडं घासून, भिंती झाडून. आज तिसरा दिवस होता.

फ्लॅट लेकाचा. रविकांतनं चार वर्षांमागं परभणीत वसमत रोडला घेतलेला, तिसऱ्या मजल्यावर. सहा दिवसांमागं त्याचा फोन आला, "माय, तुझ्याबिगर करमना गेलंय बघ. ये चार दिवस." झालं. दैवशालाबाईनं तो फोन गावाकडं, चारठाण्यात, अख्ख्या गल्लीला ऐकवला. माणिकरावाच्या बायकोला तर दोनदा, कारण तिची दोन्ही पोरं पुण्याला आणि फोनचं नाव नाही. "माह्या लेकाला करमना माह्याबिगर," असं म्हणून ती शेंगदाण्याची चटणी घेऊन एसटीत बसली. दारात आली, पंख्यावरची धूळ पाहिली आणि पदर खोचला. कुणी काम सांगितलं नव्हतं. सांगावंच लागत नसे.

हंडा खाली आला. आता हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. डबे, पराती, गाद्या, पडदे, देवघरातली भांडी, सगळं दारापर्यंत पसरलेलं. स्वयंपाकघराच्या खिडकीची जाळी सोड्याच्या पाण्यात भिजत होती. दैवशालाबाई बाथरूममध्ये शिरली. तिथं टबात पाच गोधड्या होत्या. तिनं लुगडं वर खोचलं आणि गोधड्या पायानं तुडवायला लागली.

तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधली रेणुका दारात आली. बाथरूमचं दार लोटलेलं होतं, दैवशालाबाईला दिसलं काहीच नाही, नुसतं ऐकू आलं.

"बाई गं, किती पसारा. किती दिवसांनी काढता हो तुमी घर? आमचं वर्ष झालं, हातच लागना."

"आमचं वर्षातून तीनदा निघतं," सून प्रियदर्शनी म्हणाली. "सासूबाई आल्या की."

"मग आमच्याकडं बी पाठवा की दोन दिवस."

"बघते. विचारते त्यांना."

दोघी हसल्या. वाईट हसल्या नाहीत, गप्पा मारताना माणसं हसतात तशाच.

दैवशालाबाईचा पाय गोधडीवरच थांबला. तिनं मनातल्या मनात चार वर्षं उलगडली. संक्रांतीच्या आधी आठ दिवस फोन. पाडव्याच्या आधी आठ दिवस फोन. घटाच्या आधी आठ दिवस फोन. दरवेळी करमना. आणि दरवेळी सणाच्या आदल्या दिवशी लेक तिला गाडीवर बसवून स्टँडला सोडणार, "उद्या लय गर्दी व्हईल माय, आजच नीघ." ती स्वतः घासलेल्या ह्या घरात तिनं एकदाही सणाचं ताट जेवलेलं नव्हतं. सण तिला दिसायचा मोबाइलवर, फोटोत. लखलखीत घर आणि सोफ्यावर सुनेचं माहेर बसलेलं.

आधी तिला सुनेचा राग आला. मग लेकाचा आला, आणि तो कितीतरी जास्त आला. सून बिचारी खरं तरी बोलली होती. करमना म्हणणारा पोटचा होता. सगळ्यात वाईट राग आला तो स्वतःचा, माणिकरावाच्या बायकोला दोनदा ऐकवलं त्याचा. कानाच्या पाळ्या तापल्या तिच्या.

ती टबातून बाहेर आली. पाय पुसले. लुगडं खाली सोडलं, पिशवी भरली. चटणीचा डबासुद्धा परत घातला.

"आई, कुठं निघालात?" प्रियदर्शनी गोंधळली. "आणि त्या गोधड्या?"

"तुडवून झाल्यात. पिळायच्या ऱ्हायल्यात."

हॉलमधल्या डब्यांमधून वाट काढत ती दारापर्यंत पोचली, तेव्हा रविकांत जेवायला घरी येत होता. त्याला आत येता येईना, तिला बाहेर जाता येईना. मधे तो पितळी हंडा.

"माय, आगं हे काय? सगळं घर बाहेर काढून ठेवलंस, आन अर्ध्यातून चाललीस? परवा घट हायेत."

"हायेत की. माह्या घरी बी हायेत."

रविकांतनं पसाऱ्याकडं पाहिलं. मग बायकोकडं पाहिलं. प्रियदर्शनीनं मान खाली घातली, तशी रेणुका गुपचूप आपल्या दारात शिरली. काय झालं ते त्याला कळलं असावं, कारण त्याचा आवाज एकदम मऊ झाला. त्यानं आईच्या हातातली पिशवी धरली.

"माय, असं नको करू. तुझ्याबिगर करमत न्हाई गं मला. खरंच."

दैवशालाबाईनं पिशवी सोडवून घेतली. हंडा ओलांडला. पहिल्या पायरीवर उभी राहून तिनं मागं पाहिलं.

"मग घर साफ असल तवा बोलीव."