सलगमाचं पुस्तक

"सातव्यांदा? पेनफोल्ड, सुटल्यावर शेती करणार आहात की काय?"

तुरुंगाचे पाद्री क्रू कोठडीच्या दारात उभे होते. दर शनिवारी ते प्रत्येक कैद्याला एक पुस्तक देत. बाकीचे प्रवासवर्णनांवर जीव टाकत. जोनास पेनफोल्डच्या कादंबऱ्या सगळं लंडन वाचायचं, पण हा बाबा मात्र एक आठवडा सोडून सलगमाच्या लागवडीवरचं तेच जाडजूड पुस्तक मागे. एका लॉर्डाची अब्रू वेशीवर टांगली म्हणून त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली होती.

"विषयच गोड आहे हो," पेनफोल्ड म्हणाला.

क्रूंना राहवेना. पुस्तक खिडकीशी नेऊन त्यांनी एक पान उजेडात धरलं. काही अक्षरांखाली सुईने टोचलेली बारीक भोकं दिसली. पेनफोल्डच्या तोंडचं पाणी पळालं. पुस्तकात खूण केली की शिक्षा ठरलेली होती. पुस्तक शेगडीत, आणि कैद्याला सुटेपर्यंत वाचायला काही नाही. त्याचे अजून चौदा महिने बाकी होते.

क्रू पुरावा म्हणून एकेक अक्षर जुळवू लागले, तर त्यातून एक गोष्टच निघाली. घरातून पळालेली मेग अकरा वर्षांनी परत आली होती. बापाच्या दाराशी थंडीत उभी होती. आतून बापाचा खोकला ऐकू येत होता, पण दार उघडत नव्हतं. क्रू स्टुलावर कधी बसले ते त्यांनाही कळलं नाही.

"हे तुमचंच काम!"

"माझ्याकडे सुई कुठे, साहेब? मी जहाजांचे जुने दोर उसवतो. टपालाच्या पिशव्या शिवा म्हणालात, तेव्हा मीच नाक मुरडलं होतं. मी फक्त वाचतो. पुस्तक एक आठवडा कुठेतरी जातं आणि दोन पानं टोचून परत येतं. वीस वर्षं गोष्टी लिहिल्या मी, पण या गोष्टीचा शेवट काही ओळखता येत नाही."

कोणतं पुस्तक कधी कोणाकडे गेलं, त्याची वही क्रूंनी उघडली. एका नोंदीवर त्यांचं बोट थांबलं.

"सतरा नंबर. आला तेव्हा सहीच्या जागी फुली मारायचा. अक्षरं मीच शिकवली त्याला." त्यांनी वही मिटली. "काल सुटला तो."

"सुटला?" पेनफोल्डचा चेहराच उतरला. दुसऱ्याच्या सुटकेचं दुःख झालं म्हणून त्याला लगेच स्वतःची लाजही वाटली.

"मग मेगचं काय झालं?" हे क्रूंनी विचारलं.

दोघांनी डोकी जवळ आणून शेवटचं टोचलेलं पान उजेडात धरलं. क्रू एकेक शब्द मोठ्याने वाचू लागले.

"मी उद्या सुटतो. मेग अजून दाराशी आहे. वाचणाऱ्या, तिला आत घे."

बाहेर जमादाराच्या किल्ल्या वाजल्या. क्रूंनी पुस्तक मिटलं. पेनफोल्ड त्यांच्या हातांकडे बघत राहिला.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "पिशव्या शिवायचं ते काम अजून मिळेल?"

क्रूंनी सलगमाचं पुस्तक त्याच्या फळीवर ठेवलं आणि जमादाराला हाक मारली.

"याला सुई द्या."