घट्ट मनाचा काप

व्यसनमुक्ती केंद्रातून परतलेल्या मुलाला दारातूनच हाकलून बाप तडक लेकीच्या प्रयोगशाळेत आला. “मन घट्ट असलं की नशा आसपासही फिरकत नाही,” तो गरजला, “तुझ्या भावाचं मनच लेचंपेचं!” लेक जागची हलली नाही, समोर काचेच्या ताटल्यांत उंदराच्या मेंदूचे दोन काप जिवंत होते, तेही घटकाभराचे सोबती. तिनं दोन्हींवर नशेच्या द्रावणाचा सारखाच थेंब सोडला. पडद्यावर एकाच्या डोपामिनची, मेंदूला नशेची गोडी लावणाऱ्या रसायनाची, रेघ सरसर वर चढली, दुसऱ्याची जेमतेम उचलली. “दुसऱ्यातल्या पेशींच्या आत फिरणारा एक निरोप मी औषधानं अडवलाय. आता सांगा बाबा, यातल्या कुठल्या कापाचं मन घट्ट?” बापाचा आवाज उतरला. “मग तेच औषध त्याला दे की!” “ते माणसांसाठी यायला अजून वर्षं लागतील.” तिनं नजर रोखली. “तुम्ही दाराची कडी काढायला किती वर्षं लावणार?”