आमची रडूबाई

मावशी: पुरण सैल झालं!
खाली रेवतीचा रडका चेहरा.

काका: मॅच हरलो!
खाली तोच चेहरा.

घरच्यांच्या ग्रुपवर हे स्टिकर काल माधवीनेच टाकलं होतं. सोसायटीतल्या एकीकडून तिला आलं होतं. त्यात गॅदरिंगमध्ये गाणं विसरून स्टेजवरच रडलेली तिची नववीतली लेक. माधवीला ते गोडच वाटलं. "आमची रडूबाई," असं लिहून तिने पुढे पाठवलं.

गॅदरिंगपासून रोज शाळेच्या वेळी रेवतीचं पोट दुखायचं. माधवीने ओवा दिला, मीठमोहऱ्यांनी दृष्टही काढली. आज ती मावशीचा मेसेज कौतुकाने दाखवायला गेली, तर रेवती दप्तर खाली टाकून भिंतीला टेकली.

"आई, हे वर्गातल्या मुलींनी बनवलंय. कोणाचंही काही चुकलं की माझाच चेहरा पाठवतात. मला वाटलं, घरी तरी हे नसेल."

माधवीने घाईघाईने स्टिकर डिलीट केलं. लगेच मावशी: अगं, काढलंस का? किती गोड होतं!
खाली पुन्हा रेवती.

"थांब, सगळ्यांना बजावतेच," म्हणत माधवी लिहायला लागली. रेवतीने फोन काढून घेतला.

"नको गं! चिडलेलं कळलं की जास्त पाठवतात."

"अगं, आपलीच माणसं आहेत ती."

"त्याही माझ्या मैत्रिणीच होत्या."

तिने डोळे पुसले, आईच्या फोनमध्ये स्वतःचा तो चेहरा शोधला आणि हसऱ्या इमोजी जोडून ग्रुपवर पाठवला.