व्याह्यांकडचा डिंकलाडू

लाडवाचा घास चावताना श्रीपतरावांच्या दाढेचा टवका उडाला. मुक्काम मुलीच्या सासरी असल्यामुळे तो त्यांनी लाडवासकट गिळून टाकला.

"कसा झालाय?" विहीणबाईंनी विचारलं.

"उत्तम," श्रीपतराव म्हणाले आणि आग्रहाचा दुसरा लाडूही त्यांनी हसतमुखाने संपवला.

सकाळी डावा गाल टम्म फुगला होता, अंगात ताप होता. "आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चला," बायको खोलीत कुजबुजली.

"काय सांगून जाऊ? तुमच्या लाडवाने दाढ फोडली? पोरीचं नवं लग्न आहे. तिला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल. घरी गेल्यावर बघू."

पण चहाचा घोट घशाखाली उतरेना, तेव्हा श्रीपतराव मनातून टरकले. तेवढ्यात व्याही हणमंतराव शेजारी येऊन बसले. त्यांनी गालाकडे पाहिलं, स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"नुसता टवका असता तर एखादा दिवस निभावला असता. सूज आणि ताप आला की थांबायचं नसतं. गिळायला त्रास होतोय?"

श्रीपतरावांनी मान डोलावली.

"मग चपला घाला. मी असाच भिडेखातर थांबलो, तर दवाखान्यात दाखल व्हावं लागलं."

"पण विहीणबाईंना काय सांगायचं?"

"सांगितलंय मी, व्याह्यांना गाव दाखवून आणतो म्हणून." हणमंतरावांनी स्कूटर काढली. "आमच्या दोन्ही जावयांनाही हेच गाव दाखवलंय."