मास्तरांची नजर

“मला काय दिसतं ते सोड. तुला काय दिसतं ते सांग.”

बारा वर्षांपूर्वी, पहिल्याच दिवशी मास्तर असं म्हणाले, तेव्हा तिला वाटलं, परीक्षा घेतायत. तिनं हातातली चिंधी उजेडाला धरली. म्हणाली, “राखाडी आहे. पण आत कुठंतरी जांभळा लपून बसलाय.” मास्तरांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि रंगखोलीची किल्ली तिच्या हातावर ठेवली.

आज राजीनाम्याचं पत्र त्यांच्या टेबलावर ठेवतानाही तिच्या कानात तोच आवाज होता.

कारखाना शिवणाच्या दोऱ्याचा, मास्तर तिथले रंगाईचे प्रमुख. गिऱ्हाईक कापडाची चिंधी पाठवी आणि तिच्या रंगाशी रंग जुळवून दोरा रंगवून द्यायचा. दोरा कापडात असा विरघळला पाहिजे की शिवण शोधून सापडू नये. तिची नजर इतकी तिखट, की सगळे तिला घारच म्हणत. आता नदीपलीकडच्या कारखान्यानं तिला रंगखोलीची मुख्य म्हणून बोलावलं होतं. उत्तर आज संध्याकाळपर्यंत हवं होतं.

मास्तरांनी पत्र वाचलं, घडी घातली. सही पाच वाजता करतो म्हणाले, आणि आजचा नमुना तेवढा दाखवून जा म्हणाले. बस, एवढंच.

जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगच्या मावशीनं तिला धारेवर धरलं. आई आजारी पडली तेव्हा तीन आठवडे सुट्टी कुणी दिली? मालक आकांडतांडव करत होते, गिऱ्हाइकं खोळंबली होती, पण मास्तरांनी रंगखोलीला कुलूप घातलं ते घातलंच. घारीच्या जागी दुसरं कुणी बसणार नाही म्हणाले. उजेड कमी पडतो असं ती नुसतं पुटपुटली, तर आठवड्यात उत्तरेची भिंत फोडून खिडकी बसवली.

“तुझ्यासाठी भिंत फोडली माणसानं,” मावशी म्हणाली, “आणि तू एका ‘छान’साठी अडून बसलीस.”

“अडून नाही बसले मावशी. त्यांना माझं काम दिसतं तरी का, तेवढंच कळायचंय.”

“मास्तर ते. दगडाला पाझर फुटेल, पण त्यांच्या तोंडून कौतुक नाही फुटायचं. सदरेसुद्धा बघ, बारा महिने पांढरे. रंगात आयुष्य गेलं ना, वीट आला असेल.”

घार हसली, पण तिचं मन दुसरीकडेच होतं. बारा वर्षं एक कोडं तिला छळत होतं. ती चिंधी आणि रीळ घेऊन जाई. मास्तर दोन्ही खिडकीशी धरत, मग तिच्याकडे बघत आणि विचारत, “तुला काय वाटतं?” ती सांगे. मग ते म्हणत, “पाठव,” नाहीतर, “पुन्हा कर.” आणि नवल असं, की ज्या रिळाबद्दल तिच्या मनात तसूभर शंका असे, नेमकं तेच परत येई. एकदा पिवळा केसभर जास्त झाला होता. तिनं त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. तरी मास्तर म्हणाले, “पुन्हा कर.”

एवढी नजर कुठून आणली असेल या माणसानं? त्यांच्या कपाटात रिळं नंबरवार लावलेली, खाली ठळक अक्षरांत नावं. एकदा झाडताना तिच्याकडून दोन रिळांची अदलाबदल झाली, तर दिवसभर त्यांचा पारा उतरला नव्हता. नजरेचा माणूस, शिस्त असणारच. ती नजर कशी चालते ते कळल्याशिवाय इथून पाय निघणार नव्हता.

आजची चिंधी हिरवी होती. सावलीतल्या दगडावर शेवाळ धरतं ना, तशी. घारीनं दुपारपर्यंत रंग जुळवला, दोरा सुकवला, रीळ भरलं. नजर लागावी असं उतरलं होतं. ते तिनं खिशात टाकलं.

मग फळीवरून जुनं, विटकरी लाल रीळ उचललं आणि चिंधीशेजारी ठेवलं.

होऊन जाऊ दे. ओरडले तर ओरडले. निदान बघतात हे तरी कळेल.

पाच वाजता ती मास्तरांपुढे उभी राहिली. मान ताठ, पापणी हलली नाही. मास्तरांनी चिंधी आणि रीळ खिडकीशी धरलं. बराच वेळ धरलं. मग तिच्याकडे पाहिलं.

“तुला काय वाटतं?”

“जुळलाय,” ती म्हणाली. “इतका चांगला आजवर जुळला नव्हता.”

“पाठव,” मास्तर म्हणाले आणि सहीसाठी पेन उचललं.

बारा वर्षं ज्या नजरेला ती घाबरली, तिनं आज साधं नीट बघण्याचीही तसदी घेतली नव्हती.

“जाणाऱ्या माणसाचं काम बघायचंही नसतं का, मास्तर?” तिनं खिशातलं रीळ काढून त्या लाल रिळाशेजारी ठेवलं. “खरं हे आहे. ते मी मुद्दाम चुकीचं आणलं होतं.”

पेन कागदावर टेकलं नाही. मास्तर खूप वेळ त्या दोन रिळांकडे बघत राहिले. मग त्यांनी दोन्ही उचलून आपल्या दोन तळव्यांवर घेतली आणि हात तिच्यापुढे केले.

“बारा वर्षांत तुझा चेहरा आज पहिल्यांदा खोटं बोलला, पोरी,” ते म्हणाले. “आता तूच सांग, यातला हिरवा कोणता?”