लिंबाखालचं परळ
मुरूम उकरून नेल्यावर उजाड पडलेला तो उतार गुलाबचंद आणि बेबीबाईनं अकरा वर्षं तळ्यातला गाळ डोक्यावर वाहून लिंबाच्या बागेनं हिरवा केला होता. फळ धरायचं तर मधमाश्या हव्यात, म्हणून झाडाखाली त्यांच्यासाठी पाण्याचं मातीचं पसरट परळ असायचं. त्या बुडू नयेत म्हणून त्यात काड्या टाकलेल्या. गुलाबचंद रोज आधी परळ भरायचा, मगच स्वतः पाणी प्यायचा. काल घागर फुटली, म्हणून आज सकाळी बेबीबाईनं कपाशीच्या औषधाचा रिकामा डबा धुऊन काठोकाठ भरून दिला. "वास येऊन राहिला याचा," तो म्हणाला होता. "म्या तीनदा राखेनं घासला. प्या गुमान," ती डाफरली होती. दुपारी ती भाकरी घेऊन आली, तर परळाभोवती मेलेल्या माश्यांचा सडा पडला होता. कोणी फवारलं, म्हणून तिनं चहूकडं पाहिलं. पण या दुष्काळात आसपास फवारावं असं पीकच नव्हतं. मग फांदीला टांगलेला डबा तिला दिसला. तिनं तो हलवून बघितला. परळात जेमतेम गिलासभर पाणी मावायचं, आणि डबा निम्मा रिकामा होता. "अवो," तिनं हाक मारली. पुन्हा मारली. तीस वर्षांत तिनं नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. "गुलाबचंद!" ती ओरडली. माश्यांची गुणगुण थांबलेल्या त्या बागेत ते नाव पार बांधापर्यंत ऐकू गेलं.